शेवट कळलाय, पण सांगायचा कुणाला?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिकेचं वय 44. नेरूळला सिडकोच्या जुन्या सोसायटीत सासूबाई, नवरा आणि नऊ वर्षांच्या मुलासोबत राहतात, नोकरी वाशीला, बँकेत. लॉकडाऊनमध्ये भाजी एकत्र मागवायला बिल्डिंगमधल्या बायकांनी व्हॉट्सअॅप ग्रुप केला होता. त्याचं नाव अजून ‘भाजी – बी बिल्डिंग’ असंच आहे, पण गेली दोन वर्षं तिथे भाजीचं नावही निघत नाही. बावीस जणी रात्री नऊच्या एका भुताखेतांच्या मालिकेवर बोलतात. ती मालिका दोन आठवड्यांनी संपतेय. प्रोमो आल्यापासून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. मेलेल्या नायिकेच्या आत्म्याने जावेचा सूड घ्यावा असं एका गटाचं म्हणणं, तर तिला मुक्ती मिळावी असं दुसऱ्याचं. काही जणींनी चॅनेलला मेल पाठवलेत. काही जणी जावेचं काम करणाऱ्या अभिनेत्रीच्या इन्स्टाग्रामवर जाऊन वाट्टेल ते लिहितायत. शेवटचा महाएपिसोड सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बघायचं ठरलंय आणि सगळी जमवाजमव पत्रलेखिकेकडे आहे. त्यातच शेजारच्या काकूंचा मुलगा घोडबंदर रोडवरच्या त्याच सेटवर आर्ट विभागात कामाला आहे. त्याने आईला शेवट सांगितला, आईने यांना. तो शेवट दोन्ही गटांना आवडणार नाही. सासूबाईंना सुगावा लागलाय, त्या रोज विचारतात. “सांगितलं तर मजा जाईल. नाही सांगितलं तर हॉलमध्ये रडारड आणि भांडणं होतील. आणि मला आधीच माहीत होतं हे नंतर कळलं तर माझ्याशी कुणी बोलणार नाही. नवरा म्हणतो, भुताच्या मालिकेवरून एवढं काय? ताई, मी वेडी आहे का?”

नमस्कार,

सुरुवात माझ्याच तक्रारीने करते. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही मालिकेचा शेवट अगदी बारीकसारीक तपशिलांसकट लिहून पाठवलात, आणि ही मालिका मीसुद्धा बघते. आमच्याकडे पत्रं टाइप करणारी मुलगीही बघते. तिने ते पान वाचून डोक्याला हात लावला. म्हणजे ‘कुणाला सांगू का’ हे विचारता विचारता तुम्ही दोघींना सांगून मोकळ्या झालात. रागावले नाही, पण त्यावरून हे गुपित तुमच्या पोटात किती दिवस टिकेल याचा अंदाज आला. उत्तर तो अंदाज धरूनच देते. मालिकेचं नाव आणि शेवट इथे अर्थातच छापत नाही.

वेडेपणाचं आधी बघू. पडद्यावरच्या माणसाशी बघणाऱ्याचं एकतर्फी का होईना, पण नातं जुळतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1956 मध्येच लिहून ठेवलंय. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला तेव्हा सोळा वर्षं होती. पुढे 2004 मध्ये ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकी मालिका संपली तेव्हा तिथल्या 279 विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन अभ्यास झाला. आवडत्या पात्राशी नातं जितकं घट्ट, तितका मालिका संपल्याचा त्रास जास्त, असं त्यात दिसलं. एकटेपणाचाही त्यात वाटा होता. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंय. तुमच्या यजमानांना एवढंच विचारा, की भारत फायनल हरला त्या रात्री ते कोणाशी नीट बोलले होते?

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे येते. ‘मला शेवट माहीत आहे’ असं तुम्ही तीनदा लिहिलंय. खरंच माहीत आहे का? आर्ट विभागातल्या मुलाला माहीत असतं ते सेटवर काय लावायचं आणि काय मोडायचं. अमुक दिवशी तुळशीवृंदावन हवंय, अमुक सीनला दार जळकं हवंय, हार घातलेला फोटो भिंतीवरून काढायचाय. त्यावरून त्याने शेवट जुळवला. जुळवला असेल बरोबरही. पण संवाद त्याच्या हातात नसतात, एडिटिंग तर नसतंच. शेवट फुटू नये म्हणून दोन वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवायची पद्धतही या धंद्यात आहे. त्याने आईला सांगितलं, आईने भाजी निवडता निवडता तुम्हाला. तुमच्यापर्यंत पोचल्या त्या दोन ओळी. ग्रुपने दोन वर्षं रोज रात्री जे बघितलं ते दोन ओळींत मावलं असतं, तर नऊ वाजता कोणी टीव्ही लावलाच नसता.

हे अशासाठी सांगतेय, की त्या दोन ओळी वाईट वाटतायत म्हणून शेवट वाईट आहे असं तुम्ही धरून चाललाय. ‘आत्म्याने शेवटी असं केलं’ हे ऐकायला फसवणूक वाटेल, आणि बघताना गळा दाटून येईल. किंवा खरंच भिकार असेल. तुम्हाला आणि मला ते त्या रात्रीच कळणार.

शेवट आधी कळल्याने मजा जाते, हेही तितकं पक्कं नाही. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोघा संशोधकांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. ज्यांना शेवट ठाऊक होता त्यांना गोष्टी थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र उलटं निघालं. मला विचाराल तर यातल्या कुठल्याच प्रयोगातली माणसं त्या गोष्टीसाठी दोन वर्षं भाकऱ्या आठला उरकून बसलेली नव्हती, त्यामुळे तुमच्या ग्रुपला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावायला मी धजावणार नाही. तुमच्या सासूबाई कुडाळच्या आहेत म्हणता. दशावतारात संकासूर मरणार हे त्यांना पाच वर्षांच्या असल्यापासून माहीत आहे, तरी जत्रेत रात्रभर जागायच्याच ना? बघायचं असतं तो कसा मरतो ते. आज कोण नाचतोय ते.

भुताची गोष्ट तर संपायलाही नाराज असते. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये सुरू झाली तेव्हा अण्णा नाईक पहिल्याच भागात गेले. 2019 च्या दुसऱ्या पर्वात कथा मागच्या काळात गेली आणि तेच अण्णा मालिकेचा कणा झाले. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला तो माणूस कमालीचा दुष्ट, आणि लोकांनी डोक्यावर घेतला तोच. 2021 मध्ये तिसरं पर्वही आलं. तेव्हा तुमच्या मालिकेतली बाई मुक्त झाली, जळाली किंवा भिंतीत शिरली, तरी चॅनेलच्या मनात आलं तर ती परत येईल. प्रोमोमध्ये ‘अंतिम’ शब्द दिसला म्हणून फार मनावर घेऊ नका.

ज्या शेवटावर सगळे खूश होतील असा शेवट तुमच्या मालिकेला मिळायला हवा होता, असंही पत्रात डोकावतं. ‘सुपरनॅचरल’ नावाची अमेरिकी मालिका 2005 पासून पंधरा पर्वं आणि 327 भाग चालली. दोन भाऊ भुतं, राक्षस, देवदूत यांच्याशी झुंजतात. शेवटचे दोन भाग उरले असताना करोनामुळे चित्रीकरण थांबलं आणि शेवट नोव्हेंबर 2020 मध्ये दाखवला गेला. वाट बघायला एवढा वेळ मिळाला, लिहिणाऱ्यांचा हात पंधरा वर्षांचा, तरी चाहत्यांमध्ये त्या शेवटावरून उभी फूट पडली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं शेवटचं पर्व 2019 मध्ये आलं तेव्हा ते नव्याने बनवा या मागणीवर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. काहीही बदललं नाही. तुमच्याकडे गट दोनच आहेत. मला तर ते बिल्डिंगमधल्या समजूतदारपणाचं लक्षण वाटतं.

मेल पाठवणाऱ्या मैत्रिणींना हे सांगा, पण जरा हळू. प्रेक्षकांच्या पत्रांनी मालिका वाचल्याचं उदाहरण आहे: 1968 मध्ये ‘स्टार ट्रेक’ बंद होणार अशी बातमी आल्यावर पत्रांचा पाऊस पडला आणि तिला आणखी एक पर्व मिळालं. ते दिलं शुक्रवारी रात्री दहाच्या वेळेला, आणि 1969 मध्ये ती बंद झालीच. आपल्याकडे दैनंदिन मालिकेचं भवितव्य ठरतं ते बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेच्या साप्ताहिक आकड्यांवर, आणि ते आकडे येतात निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून. ती घरं कुठली हे गुप्त असतं. आता तुमच्याच पत्रातली एक ओळ परत वाचा. ‘बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या लोकलमध्ये मोबाइलवर बघतात, मी स्वतः ओट्यापाशी फोन टेकवून.’ मोबाइलच्या अॅपवर बघितलेला भाग त्या मीटरमध्ये मोजला जात नाही. बावीस जणींचं दोन वर्षांचं प्रेम चॅनेलच्या टीआरपीत बहुधा शून्य धरलं गेलंय. हे ग्रुपवर टाकू नका, एकमेकींवर खापर फुटेल. पण पुढची आवडती मालिका वेळेवर टीव्हीवर बघा असं सुचवायला हरकत नाही. अर्थात मीटर तुमच्या बिल्डिंगमध्ये असेल तरच उपयोग.

आणि मेल पोचेपर्यंत महाएपिसोडचा शेवट ठरून गेलेला असतो. सेटवर पुढच्या भागांची बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, कधी आठवड्याची असते, कधी दोन दिवसांचीही नसते, पण शेवटाच्या वेळी सेट सोडायची तारीख ठरलेली असते. लेखकाला ‘अमुक तारखेला गुंडाळा’ असा निरोप येतो आणि दोन वर्षांचे धागे त्याला हातात आहेत तेवढ्या भागांत बांधायचे असतात. बऱ्याच मालिकांचे शेवट घाईत उरकल्यासारखे वाटतात त्याचं कारण हे. लेखकाला अक्कल नाही असं दर वेळी नसतं. मजकुराबद्दल गंभीर तक्रार असेल तर प्रसारकांच्या संघटनेने 2011 मध्ये नेमलेली बीसीसीसी ही परिषद आहे, चॅनेलवर तिची पट्टीही फिरते. ‘शेवट आवडला नाही’ ही तक्रार तिथे चालत नाही.

अभिनेत्रीच्या इन्स्टाग्रामचं मात्र हळू सांगू नका. ते थांबवा, आजच. तुम्ही लिहिता, ‘मी असलं काही लिहीत नाही, पण ग्रुपवर ते स्क्रीनशॉट येतात आणि सगळ्या हसतात.’ तुम्हीही हसण्याचा इमोजी टाकताच ना? ती बाई तुमच्यासारखीच सकाळी कामाला निघते. पात्राचा राग येतोय म्हणजे तिने काम चोख केलंय, आणि त्याबद्दल तिला तिच्या आईवरून शिव्या मिळतायत. ग्रुपची सूत्रं तुमच्याकडे आहेत. ‘जावेला इथे हव्या तेवढ्या शिव्या घाला, तिच्या पानावर जाऊन नाही’ एवढं एक वाक्य टाका. दोघी-तिघी रुसतील. रुसू देत.

आता मूळ प्रश्न. ग्रुपला सांगायचं का?

नाही. पण मजा जाईल म्हणून नाही. शेजारच्या काकूंच्या मुलामुळे. चित्रीकरणातलं काही बाहेर सांगणार नाही, अशी अट अशा कामांत असते, लेखी नाही तर तोंडी. बावीस जणींच्या ग्रुपवर टाकलेली गोष्ट गुप्त राहत नाही. कुणाची बहीण, कुणाची भाची, आणि तासाभरात ती एखाद्या फॅन पेजवर. तिथून सेटवर. ‘नेरूळहून येणारा तो’ एवढं म्हटलं तरी नाव निघेल. तो मुलगा ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरून पुढे घोडबंदरपर्यंत जातो. पॅकअप लांबला तर रात्री घरी कसा पोचतो त्याचं त्याला ठाऊक. त्याने आईला सांगितलं ते दिवसभर काय केलं हे सांगावंसं वाटलं म्हणून. त्याचा विश्वास आईपाशी संपतो, तो पुढे वाटायचा अधिकार काकूंनाही नव्हता आणि तुम्हालाही नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी. मालिका दोन आठवड्यांनी संपतेय म्हणजे त्याचं कामही दोन आठवड्यांनी संपतंय. स्पॉटदादा, लाइटमन, मेकअप, कपडेपट, सगळ्यांचंच. यातल्या बहुतेकांचे पैसे कामानंतर महिन्यांनी हातात पडतात. पुढची मालिका त्याला लगेच मिळेल, की दोन महिने घरी बसावं लागेल? पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल जे काही लिहिलंय ते शेवटापुरतंच. जिन्यात भेटला तर एकदा विचारा. तुमच्या यजमानांच्या किंवा बँकेतल्या कुणाच्या ओळखीत इव्हेंटचं, प्रदर्शनाच्या स्टॉलचं काम असेल तर सांगा. आर्टमधल्या पोरांना ते जमतं.

मधला एक मार्ग तुमच्या डोक्यात आहे, तोही ओळखला: शेवट सांगायचा नाही, पण आपल्याला माहीत आहे एवढं कळू द्यायचं. परवा तुम्ही ग्रुपवर ‘बघा हं, शेवटी काय होईल सांगता येत नाही’ असं लिहून डोळा मारणारा इमोजी टाकलात, हे तुम्हीच लिहिलंय. हा मार्ग सगळ्यात वाईट. एकदा वास लागला की बायका तुम्हाला सोडणार नाहीत, मी तरी सोडलं नसतं. बावीस जणींत आपल्यालाच माहीत आहे याची थोडी गुदगुल्या करणारी मजाही आहे त्यात. असू दे, ती मजा मनातल्या मनात घ्या. पण तोंड मिटा. कुणी विचारलंच तर ‘मलाही बघायचंय’ म्हणा. ते खोटं नाही, मघाशी म्हटलं तसं तुम्ही अजून काहीच बघितलेलं नाही. आणि नंतर समजलंच, तर त्या मुलाच्या कामासाठी गप्प होते असं सरळ सांगा. त्यावर अबोला धरणारी मैत्रीण चार दिवसांत परत बोलायला लागते.

सासूबाईंचं वेगळं आहे, आणि इथे मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे. तुम्ही त्यांना ग्रुपच्याच माळेत ओवलंय: ‘त्यांना सांगितलं तर त्यांचीही मजा जाईल.’ पण त्यांनी काय विचारलंय ते तुम्हीच लिहिलंय. “माका शेवट नको गो. माका फकत सांग, चेडू वाचतला मा?” त्यांना कथा नको आहे. त्या आत्म्याची लहान मुलगी जगते की नाही, एवढंच त्यांना हवंय. 78 वर्षांच्या बाईला रात्री दहाला छातीत धडधड घेऊन झोपायचं नाहीये, यात काय चुकलं? पुष्कळ माणसं शेवट आधी विचारतात ती याचसाठी. आपल्या एका माणसाची खात्री झाली की बाकीचं भयंकर सगळं ती मजेत बघतात.

तेव्हा त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगा, आणि ‘माझ्या कानावर आलंय त्याप्रमाणे’ हे पुढे जोडा, म्हणजे उद्या वेगळं निघालं तर तुमच्यावर येणार नाही. कुडाळच्या बहिणीला फोनवर सांगायचं नाही हे वचन आधी घ्या. त्यांच्या पिढीला वचनाचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त असतं. उत्तर ‘नाही’ असेल तर (मला माहीत आहे काय आहे ते, पण इतर वाचकांसाठी लिहिते) तेही दिवसाउजेडी सांगावं, झोपायच्या वेळी नाही. आणि तो भाग त्यांना एकट्याने बघू देऊ नये. ज्यांच्या घरी मालिकेत जीव गुंतलेली वयस्क माणसं आहेत त्यांनी एवढी काळजी घेतली तर पुरे. ‘खोटं असतं हो ते सगळं’ असं मात्र म्हणू नये. खोटं असतं हे त्यांना आपल्या आधीपासून माहीत आहे.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. चौथ्या मजल्यावरच्या ज्या काकूंचा उल्लेख तुम्ही अर्ध्या ओळीत केलाय, त्यांच्याबद्दल. मुलगा परदेशात, घरात एकट्या, आणि रोज रात्री एपिसोड संपला की ग्रुपवर पहिला मेसेज त्यांचा. प्रोमो आल्यापासून त्या काही लिहीत नाहीत. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांना बहुतेक शेवट आवडणार नाही असं वाटत असेल.’ मला नाही तसं वाटत. सूड की मुक्ती या भांडणाशी त्यांचा फारसा संबंध नसावा. रात्री साडेनऊला त्यांचा दिवसातला जो एक संवाद व्हायचा, तो कशाच्या निमित्ताने व्हायचा ते त्यांना ठाऊक आहे. मालिका संपली की ‘आज काय झालं’ हे विचारायला निमित्त उरणार नाही. एकवीस जणींना नवऱ्याशी, मुलाशी, सासूशी बोलायला दुसरं काहीतरी आहे. ग्रुपला शेवटाचा धक्का कसा बसेल याची चिंता तुम्ही दोन पानं केलीत. त्यातली अर्धी चौथ्या मजल्यावर न्या. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि त्यांचे गुडघे दुखतात हेही तुम्हीच लिहिलंय, म्हणजे हॉलमध्ये त्या येणार कशा याचा विचार कुणी केलेला नाही. दोघींनी हात धरून उतरवा आणि संपल्यावर वर नेऊन सोडा. त्यांना ते नको असेल तर शेवटच्या आठवड्यातला एखादा साधा भाग चार-पाच जणींनी त्यांच्या घरी बसून बघा. चहा त्यांनाच करू दे.

हॉलच्या कार्यक्रमाचं फार सांगत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दोन सूचना. महाएपिसोड संपल्यावर लगेच खुर्च्या आवरायला घेऊ नका, तासभर मोकळा ठेवा. खाणं तेव्हाच काढा, मध्यंतरात नको. बायकांना भांडायचं, रडायचं, लेखकाला नावं ठेवायची असतील ती तिथेच ठेवू देत. तुम्हाला ज्याची भीती वाटतेय तोच खरा कार्यक्रम आहे. ‘आहट’ बघून दुसऱ्या दिवशी शाळेत आपण जे करायचो ते आठवा. रात्री भीती वाटली त्यापेक्षा डब्याच्या सुट्टीतली बडबड जास्त आठवते की नाही?

दुसरी सूचना मुलांची. तुमचा मुलगा रात्री बाथरूमला एकटा जात नाही आणि तुम्ही त्याचं खापर मालिकेवर फोडत नाही, याचं मला नवल वाटलं. काळोख्या हॉलमध्ये भिंतभर पडद्यावर तोच चेहरा त्याला दाखवू नका. मुलांना शेजारच्या घरात कॅरम मांडून द्या. तो फारच हटून बसला तर दिवे लावून बघा आणि मेकअप कसा करतात ते आधी सांगा. ते सांगायला त्या आर्टच्या मुलालाच बोलवा, त्यात गुपित फुटण्यासारखं काही नाही. मालिकेआधी ‘आम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाही’ अशी पाटी येते ती मुलं वाचत नाहीत, मोठीही वाचत नाहीत. तुमच्या ग्रुपवर एकीने आपल्या मुलीला ‘बाहेरचं काही’ झालंय का म्हणून पनवेलच्या कुणा बाबाचा नंबर मागितला होता, असं तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय. मला ती गंमत वाटली नाही. तिला वेगळं गाठा आणि मुलीला डॉक्टरकडे न्यायला लावा. भूत उतरवतो म्हणून मारहाण आणि छळ करणाऱ्यांविरुद्ध 2013 पासून आपल्याकडे कायदा आहे. तिथवर गोष्ट जायला नको.

ही संपली की सोमवारपासून नऊ वाजता त्याच चॅनेलवर नवी मालिका लागणारच, प्रोमो मी बघितलाय. ग्रुप लगेच तिकडे वळवायची घाई करू नका, काही जणी आपसूक जातील. महिन्यातून एकदा वाशीला विष्णुदास भावेमध्ये किंवा ठाण्याला गडकरीला एखादं नाटक ठरवा. तीन तासांत सुरुवात आणि शेवट दोन्ही, आणि बार्कचा काही संबंध नाही. मुंबईत दशावतारी मंडळी येतात तेव्हा सासूबाईंना घेऊन जा. संकासूर दिसला की पोरं कशी किंचाळतात ते एकदा बघाच.

ग्रुपचं नाव बदलायचं की नाही असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नका बदलू. आणि हॉलची चावी सेक्रेटरीकडून शुक्रवारीच घेऊन ठेवा, रविवारी ते फोन उचलत नाहीत.